शहराचा पोलीस आयुक्त नेमका कुठे घडतो?

यूपीएससीचा निकाल लागला की अभिनंदनाच्या पोस्टखाली एक कमेंट हमखास असते, "भावी सीपी साहेब!" सीपी म्हणजे पोलीस आयुक्त. शुभेच्छा मनापासूनच्या असतात. पण त्या निकालापासून मोठ्या शहराच्या आयुक्तपदापर्यंत पाव शतकाचा रस्ता आहे, आणि त्यातला कोणता टप्पा माणसाला घडवतो याबद्दल फार गैरसमज आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आयुक्त हे नेमणुकीचं पद आहे, खांद्यावरचा दर्जा शहरागणिक बदलतो. मुंबईत महासंचालक किंवा अपर महासंचालक, पुणे, नागपूर, ठाण्यात बहुधा अपर महासंचालक, सोलापूर-अमरावतीत महानिरीक्षक किंवा उपमहानिरीक्षक. त्यामुळे "किती वर्षांनी सीपी होतात?" याला एकच उत्तर नाही. आयपीएसच्या नियमांप्रमाणे उपमहानिरीक्षक व्हायला किमान १४ वर्षं, महानिरीक्षकाला १८ आणि अपर महासंचालकाला २५ वर्षं सेवा लागते. जागा रिकामी नसेल तर त्याहून जास्त. २६व्या वर्षी सेवेत आलेला अधिकारी मोठ्या शहराचा आयुक्त व्हायच्या दर्जाला पोहोचतो तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असते, निवृत्ती ६०ला. हातात आठेक वर्षं, आणि मोठ्या शहरांच्या खुर्च्या बोटांवर मोजण्याइतक्या.

यूपीएससीतून आलेल्या सगळ्यांची सुरुवात सारखीच. मसुरीला फाउंडेशन कोर्स, हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षण, मध्ये जिल्ह्यातला प्रात्यक्षिकाचा काळ. या काळात काही आठवडे एखाद्या पोलीस ठाण्याचा स्वतंत्र कार्यभार मिळतो. स्टेशन डायरी, मुद्देमालाची नोंद, ठाणे अंमलदाराची रात्रपाळी, तक्रारदाराला समोर बसवून फिर्याद लिहून घेणं, हे ज्याने तेव्हा नीट पाहिलं नाही त्याला पुढे वीस वर्षांनी हाताखालचे लोक काय लपवताहेत ते कळत नाही. पुढच्या बढत्यांमध्ये ही कसर भरून निघत नाही.

मग उपविभागीय पोलीस अधिकारी, जिल्ह्याचा अधीक्षक, आणि शहरात असेल तर उपायुक्त. आमचं ठाम मत आहे की आयुक्त घडतो तो उपायुक्त असतानाच. जिल्हा आणि आयुक्तालय या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. जिल्ह्यात जमावबंदी, बहुतेक तडीपारी, स्थानबद्धता (खटल्याविना कोठडीत ठेवणं) यांसाठी महसूल यंत्रणेच्या सहीची गरज पडते. आयुक्तालयात ते अधिकार पोलिसांकडेच असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश आयुक्तालयातून निघतात, कलम ५५ ते ५७ खालच्या तडीपारीच्या फायली परिमंडळाच्या, म्हणजे काही ठाण्यांच्या गटाच्या, उपायुक्ताकडे चालतात. एकच अधिकारी पोलीसही असतो आणि निर्णय देणाराही. ही जबाबदारी पेलायची सवय तिथेच लागते.

तडीपारीचंच पाहा. प्रस्ताव ठाण्यातून येतो, कलम ५९ प्रमाणे नोटीस देऊन बाजू ऐकावी लागते, आणि आदेश कमाल दोन वर्षांचा असतो. न्यायालयात हे आदेश कशामुळे पडतात? गुन्हे जुने असतात, अलीकडच्या वर्तनाशी त्यांचा जिवंत संबंध दाखवलेला नसतो. उपद्रव एका ठाण्याच्या हद्दीत आणि हद्दपारी दोन-तीन जिल्ह्यांतून, पण का, ते लिहिलेलं नसतं. सरसकट दोन वर्षं ठोकलेली असतात, कारण न देता. गोपनीय साक्षीदारांच्या जबाबांची वरिष्ठाने खरंच पडताळणी केली की नुसती सही केली, तेही दिसून येतं. एमपीडीए, म्हणजे सराईत गुंडांना स्थानबद्ध करायचा कायदा, त्यात तर वेळेचंच गणित आहे. स्थानबद्धतेचा आदेश आयुक्त काढतो, पाच दिवसांत कारणं द्यावी लागतात, बारा दिवसांत शासनाची मंजुरी लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत कागद दिले नाहीत, किंवा झेरॉक्स वाचताच येत नाहीत, एवढ्यावरही आदेश रद्द होतो. गुंड महिन्या-दोन महिन्यांत परत गल्लीत उभा, आणि ज्यांनी जीव मुठीत धरून जबाब दिला ते उघड्यावर. या फायली उपायुक्त म्हणून स्वतः वाचलेला माणूस आयुक्त झाला की सही करण्याआधी थांबतो. हा फरक फार मोठा आहे.

मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचं तसंच. गुन्ह्याला हे कलम लावायला उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी. टोळीच्या गुन्ह्यांची सलगता कागदावर सिद्ध होत नसेल तर ती मंजुरी नाकारण्याची हिंमत लागते, वर्तमानपत्रात "मोक्काचा दणका" छापून येणार असला तरी.

राज्य सेवेतून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा आणि अवघड आहे. एमपीएससीतून पोलीस उपअधीक्षक झालेल्यांना आयपीएसमधल्या बढतीच्या कोट्यातून, म्हणजे एक तृतीयांश जागांवर, जाता येतं. त्या पदावर किमान आठ वर्षं सेवा लागते, प्रत्यक्षात निवड होईपर्यंत त्याहून कितीतरी जास्त वर्षं जातात. मग छोट्या शहराचं आयुक्तपद मिळालं तरी मोठ्या आयुक्तालयापर्यंत पोहोचायला वय उरत नाही. उपनिरीक्षक म्हणून भरती झालेला तर बहुधा सहायक आयुक्तापर्यंतच पोहोचतो. शहराची खडान्‌खडा माहिती याच लोकांकडे असते, म्हणून शहाणा आयुक्त आल्या आल्या जुन्या वरिष्ठ निरीक्षकांना एकेकटं बोलावून ऐकून घेतो.

आता आयुक्तपदावरची सगळ्यात सामान्य चूक. मासिक गुन्हे आढावा बैठकीत आकड्यांवरून झापणं. चेन स्नॅचिंग का वाढलं, जबरी चोरी का वाढली, उभं करून जाब विचारला की पुढच्या महिन्यात आकडे खाली येतात. गुन्हे कमी होत नाहीत, नोंद कमी होते. हिसकावलेला मोबाईल "गहाळ" म्हणून लिहिला जातो, जबरी चोरी साधी चोरी होते, तक्रारदाराला "उद्या या" सांगितलं जातं. मग उघडकीचं प्रमाण छान दिसतं आणि ठाण्यातल्या डीबी (गुन्हे शोध) पथकाला खरा नकाशाच मिळत नाही, कुठल्या चौकात, किती वाजता, कोणत्या दुचाकीवरून हे चाललंय ते. आयुक्ताने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : नियंत्रण कक्षाला आलेले कॉल किती आणि त्यातले गुन्हे किती नोंदले? ही तफावत तपासली की नोंद न करणारं ठाणं लगेच सापडतं.

निवडीबद्दलही बोलायला हवं. राज्याच्या महासंचालकासाठी यूपीएससीच्या यादीतल्या तीन नावांतून निवड करावी लागते. शहराच्या आयुक्तासाठी असं काही नाही, तो सरकारचा निर्णय. पोलीस सुधारणांवरच्या २२ सप्टेंबर २००६च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष कार्यक्षेत्रातल्या जबाबदारीवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं द्या म्हटलं. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही कलम २२-एनमध्ये दोन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ आहे, पण अपवादात्मक परिस्थितीत मध्येच बदलीची सोयही आहे. मार्च २०२१ ते जुलै २०२२ या सुमारे सोळा महिन्यांत मुंबईला तीन नवे आयुक्त मिळाले. त्यातले एक चार महिन्यांत निवृत्तच झाले. चार महिन्यांत नव्वदहून अधिक ठाण्यांच्या शहरात सगळ्या ठाण्यांना एकेक भेट तरी होते का?

म्हणून मागणी साधी आहे. नेमताना निवृत्तीला किमान दोन वर्षं शिल्लक हवीत. आणि त्या माणसाने आयुक्तालयात परिमंडळाचा उपायुक्त म्हणून, गुन्हे शाखा किंवा आर्थिक गुन्हे शाखेत, आणि प्रशासनात काम केलेलं हवं. प्रशासन यासाठी की अंमलदारांची घरं, रजा, बदल्या, ड्युटीचे तास यांची घडी तिथेच बसते, आणि बारा-चौदा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या अंमलदाराकडून दुसऱ्या दिवशी नागरिकाशी सौजन्याची अपेक्षा धरता येत नाही. वाहतूक शाखेला "साईड पोस्टिंग" म्हणून नाक मुरडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी सगळं शहर ज्या नकाशावर चालतं तो नकाशा त्याच शाखेत तयार होतो. एकदा तरी ते काम मागून घ्या.