रिफ्युजियमबद्दलच्या 1 स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला, फोटो पण झूम करून बघितले. तुमचं म्हणणं असं की टाकीच्या मागं अडकवायचा छोटा रिफ्युजियम बॉक्स (रिफ्युजियम म्हणजे माशांपासून वेगळा, शेवाळ वाढवायचा कप्पा) ऑनलाईन स्वस्तात मिळत होता तरी आम्ही खाली मोठा सम्प (मुख्य टाकीखालची दुसरी टाकी, जिथून पंप पाणी वर पाठवतो) करायला लावला, तो सम्प अर्धा रिकामाच असतो, आणि 2 महिन्यांत चेटो (नायट्रेट खाणारं हिरवं शेवाळ) पांढरं पडून विरघळलं, नायट्रेट मात्र 40 चं 40 च. हे उत्तर जरा मोठं होणार आहे, कारण मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी) करायचं मनात असलेले बाकीचे लोक पण इथंच वाचतात.

आधी चेटोचं, कारण तुमचं खरं नुकसान तिथं झालंय. तुमच्या दुसऱ्या फोटोत सम्पच्या कोपऱ्यात तांबूस दाण्यांची जाळीची पिशवी दिसतेय. ते फॉस्फेट रिमूव्हर आहे सर, आम्ही दिलेलं नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून टाकलं असणार. शेवाळाला वाढायला नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही लागतं, फॉस्फेट शून्यावर आणलं की समोर कितीही नायट्रेट असू दे त्याला ते उचलताच येत नाही, मग ते उपाशी मरतं, पांढरं पडतं आणि आधी जे काही खाल्लेलं असतं ते सडताना परत पाण्यात सोडतं. म्हणून नायट्रेट हललं नाही. फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या मधे राहिलं तर चेटो पण खूष आणि कोरल पण.

आता बॉक्सचं. रिफ्युजियम म्हणजे शेत समजा, पीक वाढलं आणि तुम्ही कापून बाहेर काढलं तरच टाकीतली घाण बाहेर गेली. तुमची 4 फुटी टाकी साधारण 250 लिटरची, खालचा शेवाळाचा कप्पा 44 लिटरचा, आणि तो अडकवायचा बॉक्स 4-5 लिटरचा. एवढ्याशा वाफ्यात किती पिकणार? शिवाय तुम्हाला मँडरिन मासा ठेवायचाय, त्याला दिवसभर पॉड्स म्हणजे पाण्यातले बारीक जीव टिपायला लागतात, ते मोठ्या कप्प्यात माशांपासून लांब निवांत वाढतात आणि पंपातून वर जातात. 1 फुटी टाकी असती तर आम्हीच बॉक्स घ्या म्हणलो असतो.

रिकाम्या जागेबद्दल तर मला मनापासून सांगायचंय. ती जागा लाईट जाते त्यासाठी आहे आणि सोलापुरात लाईट कशी जाते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पंप बंद पडला की वरचं पाणी पाईपातून खाली उतरतं, पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाईपचं तोंड टाकीतल्या पाण्यात जेवढं खोल तेवढं जास्त. तुमच्या मापाच्या टाकीत 1 इंच पाणी उतरलं म्हणजे जवळजवळ 14 लिटर. सम्प काठोकाठ भरला असता तर पहिल्याच कटला खारं पाणी हॉलभर झालं असतं, फर्निचर आणि स्विचबोर्डचं काय झालं असतं विचार करा. त्यामुळं कृपा करून दिसायला बरं म्हणून लेव्हल वाढवू नका, खूण केलीय तिथंच ठेवा.

अजून एक, फोटोत वरची आणि खालची लाईट एकदमच चालू दिसतेय. खालची रात्री लावा. रात्री टाकीत सगळेच ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि पीएच पडतो, खाली शेवाळ उजेडात असलं की तो बराच सावरतो. मे महिन्यात तर हे नक्की करा, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो आणि लाईटची उष्णता पण दिवसाच्या उन्हात भर घालत नाही.

आणि चेटोच्या जागी कॉलर्पा नावाचं दुसरं शेवाळ टाका असं कुणी म्हणलं तर नको, ते कधीकधी एका रात्रीत बीज सोडून पाणी दुधाळ करतं.

आता ती पिशवी काढा, पांढरं झालेलं सगळं चेटो उचलून टाका, थोडं पाणी बदला, पण मीठ आरओच्या पाण्यातच कालवा, नळाच्या किंवा बोअरच्या नको. दुकानात येताना स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर टाकीचं पाणी आणा, फॉस्फेट नायट्रेट दोन्ही तुमच्यासमोर तपासू. आमच्या सिस्टीममधलं मूठभर हिरवंगार चेटो तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय, त्याचे पैसे नाहीत.