‘सोळा पूर्ण म्हणजे मुलगी तयार’ हा मेसेज चुकीचा आहे

विडी घरकुल वसाहतीतल्या आमच्या महिला गटावर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: पाळी सुरू झाली की मुलगी शरीरसंबंधांना तयार होते, आणि सोळाव्या वर्षानंतर कायद्याचीही हरकत नसते. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

सोळाची मर्यादा जुन्या कायद्यात होती. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, बालक मानलं. त्यांची ‘संमती’ कायदा धरत नाही. 2013 मध्ये दंडसंहितेतही संमतीचं वय 18 झालं. लग्न लावलं म्हणूनही सुटका नाही, कारण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 18 खालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरवला.

पाळी म्हणजे शरीरातला बदल सुरू झाला, एवढंच. अनेकींना ती बारा-तेराव्या वर्षी येते. परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. अठरा ही कायद्याची किमान अट. त्यानंतरही न घाबरता ‘नाही’ म्हणता येतं का, गर्भनिरोधनाबद्दल जोडीदाराशी मोकळं बोलता येतं का, हे मला वयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मायबहिणींनो, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका. कुठल्या लेकरावर जबरदस्ती होत असेल तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा.