तोंडात नळी, बोटीवर काका

मिशीला व्हॅसलीन फासलेला माझा फोटो सध्या आमच्या सगळ्या कौटुंबिक ग्रुपांवर फिरतोय. मेहुण्याने खाली लिहिलंय, 'लोणी खाताना रंगेहाथ.' तर खुलासा असा. स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खाली बघणं. त्यासाठी डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कची कड कातडीला घट्ट चिकटावी लागते. केसांना ती चिकटत नाही आणि तिथून पाणी आत शिरतं. म्हणून मालवणच्या बोटीवरच्या पोराने मला काही न विचारता डबीत दोन बोटं बुडवली आणि समस्त प्रवाशांसमक्ष माझी मिशी माखली. वर म्हणाला, "आता नाय गळाचा." गळायचं ते गळलंच.

पण विषय मिशीचा नाही, लेकीचा आहे. वय आठ. पोहता येतं, पण सोसायटीच्या तलावात, जिथे तळाच्या फरशा मोजता येतात. समुद्राला तळ दिसत नाही ही तिची तक्रार होती, आणि ती मला रास्त वाटते. बायकोने घरीच तयारी करून घेतली. मुलांच्या मापाचा मास्क आणला. त्याचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही टिकला तर माप बरोबर. मग न्हाणीघरात मोठी बादली भरून, तोंड पाण्यात घालून, नळीतून बेचा पाढा. घाबरलेलं मूल भराभर धापा टाकतं. पाढा म्हणायचा तर श्वास लांबवावाच लागतो. 'हे होक हाठ' असे घोगरे आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी प्लंबरचा नंबर द्यायला वर आल्या होत्या.

मास्क घरून नेला ते बरं झालं. बोटीवर एकाच मापाचे मास्क होते आणि ते म्हणे 'सगळ्यांना बसतात'. म्हणजे आठ वर्षांचं मूल 'सगळ्यांत' धरत नाहीत. लाइफ जॅकेटही तसंच. पाण्यात उतरताच ते कानांपर्यंत वर आलं आणि लेकीचं फक्त नाक दिसायला लागलं. शेवटी बायकोने ओढणी पायांमधून घेऊन ते खाली बांधलं. माणशी पैसे मात्र मुलांचे पूर्ण घेतात.

आता काका. सातारा बाजूचे, पासष्टीच्या पुढचे, अंगात पांढरीशुभ्र बनियन, त्यावर नारिंगी जॅकेट, हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बोट सिंधुदुर्गाच्या तटाजवळच्या खडकांपाशी नांगरली तशी त्यांनी सूत्रं हाती घेतली.

"लई जपताय लेकीला. आमच्या वडलांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधला आणि दिला विहिरीत फेकून. पाच मिनिटांत पोहत होतो बघा."

"मग तुम्ही आज उतरणार ना?"

"छे! मला खाऱ्या पाण्याची सवय नाही."

विहिरीवरून ते किल्ल्यात शिरले. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, पायात शिसं ओतलं, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. माहिती बिनचूक होती, हेच जास्त झोंबलं.

खरा घोळ झाला तो अंगठ्याने. पाण्यात उतरण्याआधी पोराने खुणा शिकवल्या होत्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. अंगठा वर म्हणजे 'वर चला'. मोठी माणसं हे ऐकत नाहीत, लेकीने मन लावून ऐकलं होतं. ती आईचा हात धरून उतरली, तोंड पाण्यात घातलं, नळीतून 'हे एके हे' सुरू झालं. न राहवून तिने जरा मान वळवून बोटीकडे पाहिलं. काकांनी कौतुकाने अंगठा दाखवला. लेक ताबडतोब शिडीला. "काय झालं?" "आजोबांनी वर बोलावलं." पुन्हा खाली. पुन्हा मान, पुन्हा अंगठा, पुन्हा शिडी. शेवटी तो पोरगाच वैतागला.

"काका, अंगठो दाखवू नकात. चेडू वर येता."

"अरे, मी शाबासकी देतोय!"

"ती घराक गेल्यावर देवा."

मग काकांनी शाबासकीचा मार्ग बदलला आणि लेकीच्या डोक्याशेजारी बिस्किटं चुरून टाकली. काळ्या पट्ट्यांच्या माशांची अख्खी पंगत तिच्या नाकापुढे बसली. पाण्यातून काचेआड मासा असतो त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठा आणि पाव हिश्शाने जवळ दिसतो. वितीएवढा मासा डोळ्यांत तोंड घालतोय असं वाटल्यावर पाढा थांबला आणि नळीतून जी किंकाळी आली, ती तटावरच्या पर्यटकांनीही ऐकली असावी. बरं, काकांना तरी काय बोलणार? मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तरी शेजारच्या बोटीतून तर पावाची लादीच सुटत होती. मासे येतात, व्हिडिओ चांगला होतो. प्रवाळ बघायला आलेल्या पोरांना शेवटी बेकरीवर पोसलेले मासे दाखवून परत पाठवतात, आणि वीस मिनिटं झाली की 'चला, दुसरी बॅच'. मुलाची भीती जायला वेळ लागतो. त्या वेळेचा दर पाटीवर लिहिलेला नसतो.

आमची सुटका समुद्रानेच केली. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डुलते. काकांना बोट लागली. पुडा हातातून गळला, ते काठावर ओणवे झाले आणि बनियनसकट गप्प बसले. ना अंगठा, ना विहीर. लेक पुन्हा उतरली. आधी शिडी धरून, मग आईचा हात, मग आईचं एकच बोट. पाढा बेवरून तीनवर गेला. खडकाच्या कपारीत काटेरी काळं काहीतरी दिसलं म्हणून तिने स्वतःहून आईला ओढत नेलं आणि लांबूनच बोट दाखवलं. मी शेजारी मास्कमधलं पाणी काढत होतो, त्यामुळे मला ते दिसलं नाही.

धक्क्यावर उतरताच काकांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "बघा! शिकली ना? पोरांची भीती मोडावी लागते." बोटीतल्या लोकांनी माना डोलावल्या. आणि लेक, जिच्यासाठी बादल्या उपसल्या, ओढणी बांधली, मिशी माखून घेतली, ती म्हणाली, "आजोबा भारी आहेत ना, बाबा?"

काकांनी बायकोकडून नंबर घेतलाय. काल निरोप आला: 'मे महिन्यात बेबीला गावाकडे आणा. विहिरीला पाणी आहे. बिंडा शोधून ठेवतो.' खाली ओळीने सात अंगठे. मी विचार करून उत्तर देणार होतो, तोवर बायकोने 'नक्की येऊ' कळवून टाकलं होतं.