‘आपल्यात वर्णद्वेष नाहीच’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गल्लीच्या ग्रुपवर परवापासून तीनदा तोच मेसेज आलाय. वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपला तर देवच काळा, कुणाला काळ्या म्हटलं तर ती मस्करी, नॉर्थ-ईस्टचे नि आफ्रिकेचे लोक उगाच रडतात, आणि ज्याचे त्याचे गुण रक्तातच असतात. खाली वीस-पंचवीस अंगठे. सगळी आपलीच माणसं, म्हणून गप्प बसवेना, एकेक मुद्दा घेतो.

विठोबा काळा, खरंय. पण माझ्या आत्येबहिणीचं स्थळ दोनदा ‘रंग जरा कमी आहे’ म्हणून फिरलं आणि दोन्ही घरं माळकरी, दरवर्षी दिंडीला जाणारी. फेअर अँड लव्हली १९७५ ला बाजारात आली, नावातलं ‘फेअर’ काढलं २०२० ला, मधली पंचेचाळीस वर्षं ते डबे काय गोरे लोक विकत घेत होते काय? देवाचा काळा रंग चालतो, सुनेचा चालत नाही, असंच झालं की हे.

मस्करीचं म्हणाल तर डॅरेन सॅमी आठवा, वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन. आयपीएलमध्ये त्याला ‘कालू’ म्हणायचे, त्याला वाटायचं कायतरी ताकदवान असा अर्थ असेल, म्हणून तो पण हसायचा. २०२० ला खरा अर्थ कळला तेव्हा तो जाम चिडला. ज्याला म्हणतोय त्याला अर्थ कळल्यावर लागतं, ती मस्करी कसली?

‘उगाच रडतात’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. २०१४ ला दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या पोराच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातनं मारामारी झाली आणि पोरगं जिवानिशी गेलं. आणि दिल्ली लांब वाटत असेल तर आपल्याच कर्नाटकातलं बघा, बेंगळूरला २०१६ च्या जानेवारीत सुदानच्या एका माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली, आणि थोड्या वेळानं तिथनं चाललेल्या टांझानियाच्या पोरीला जमावानं मारलं, गाडी जाळली. तिचा त्या अपघाताशी काय संबंध? देश पण वेगळा. फक्त रंग तसाच. यालाच वर्णद्वेष म्हणतात, एकानं केलं की त्या रंगाच्या कुणालाही धरायचं.

आता रक्ताचं. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखाच असतो आणि जो थोडा फरक उरतो त्यातला बराचसा एकाच समाजातल्या माणसामाणसात असतो, हे दुसरं तर १९७२ पासून माहीत आहे. कातडीचा रंग म्हणजे मेलॅनिन, पूर्वज किती उन्हाच्या मुलखात राहिले त्याचा हिशोब, त्यावरनं स्वभाव न् अक्कल कळत नसते. आपल्याकडच्या सिद्दी लोकांचं, म्हणजे मूळ आफ्रिकेतनं आलेल्यांचं घ्या. १९८७ ला ‘यांच्या रक्तातच धावणं आहे’ या समजुतीवर सरकारी क्रीडा योजनेत त्यांची पोरं निवडून नेली, काही वर्षांनी योजना बंद, पोरं परत गावाला. कौतुक म्हणून केलेलं पण असंच असतं, माणूस बघितलाच नाही, रंग बघितला.

आणि सिद्दी म्हणजे परके नव्हेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतनं गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, तिथनं पळून सह्याद्रीच्या रानात शिरलेले कितीतरी लोक, त्यांची पोरंबाळं आज हल्याळ, यल्लापूर, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात आहेत. कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. आपल्या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २०२० उजाडलं. तरी बसमध्ये त्यांना हिंदीतनं विचारणार, ‘कहाँ से आया?’ १९५६ ला बेळगाव महाराष्ट्राऐवजी आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपण मराठी माणसं सांगतोय की आम्ही इथलेच, आणि कुणी ‘महाराष्ट्रात जावा’ म्हटलं की आपलं डोकं फिरतं, फिरायलाच पाहिजे. मग तेच वाक्य दुसऱ्याला कसं म्हणवतं आपल्याला?

डिग्रीला माझ्यासोबत हल्याळचा एक सिद्दी पोरगा होता. आम्ही दोघं रूम बघायला गेलो, मालकानं आधी मला भाडं सांगितलं, पाणी कधी येतं ते सांगितलं, मग हा गाडी लावून मागनं आला आणि रूम ‘कालच गेली’ झाली. महिनाभर ‘टू लेट’चा बोर्ड तिथंच लटकत होता. मी त्या दिवशी काही बोललो नाही, आणि तो पण मला काही बोलला नाही, फक्त पुढच्या वेळेपासनं रूम बघायला तो आलाच नाही, मलाच पाठवायचा.

नाना, मेसेज तुमच्याकडनं आला म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमची माळ्यावरची खोली रिकामी आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ जूनमध्ये ॲडमिशनला येतोय. पाठवू काय तुमच्याकडं?