पिलबागेची उपमा चुकली, पण इंजेक्शनचं काय?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 'यकृताची पिलबाग' या माझ्या लेखावर भुसावळचे एक वाचक लिहितात, "मॅडम, यकृत स्टेम सेलमुळे वाढतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही त्याचं नावही घेतलं नाही. ग्रोथ फॅक्टर हे तर यकृताचं खतच. माझ्या काकांना सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आणि यकृतात गाठ आहे. कापल्यावर तीसच टक्के उरेल म्हणून सर्जननी परत पाठवलं. आता एके ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, पॅकेजचा दरही सांगितलाय, तर तुमच्यासारखे लोक नाउमेद करतात."

आधी माझी चूक. केळीचा घड उतरला की मूळ झाड कापतात आणि कंदाच्या कडेचं पील वाढून पुढचं पीक देतं, तीच पिलबाग. यावल-रावेरकडे हे कुणाला समजवायला लागत नाही, म्हणून मी ती उपमा घेतली. पण त्या कंदात वाढीचे डोळे आधीपासून राखून ठेवलेले असतात. म्हणजे ते चित्र नेमकं मूळपेशींचंच, तुमच्या स्टेम सेलचंच झालं! बारावीला वीस वर्षं जीवशास्त्र शिकवून मी हा घोळ घातला. तुमचा समज पक्का करण्यात माझाही हात आहे.

यकृतात तसं होत नाही. कापलेला खंड परत फुटत नाही, उरलेला भाग फुगतो. चार वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला उजवा खंड दिला, माझ्याकडे पस्तीस टक्के उरलं. मामी दवाखान्यात येऊन म्हणाली, "व माय, इतकं कापलं?" तीन महिन्यांनी सीटी काढला. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला. उजवीकडची जागा उजवा खंड उगवून भरली नव्हती. डावाच तळलेल्या बट्टीसारखा गरगरीत होऊन तिकडे सरकला होता. आकार पार बिघडलेला, पण काम चोख.

हे करतात त्या यकृताच्या नेहमीच्या, कामकरी पेशी. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत काढलं. आठ-दहा दिवसांत वजन भरून येतं. त्यासाठी उरलेल्या पेशींना सरासरी दोनदाही विभागावं लागत नाही. दम तर त्याहून कितीतरी जास्त आहे. १९९७ मध्ये त्याच पेशी एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा लावत नेल्या, तर त्या किमान ६९ वेळा दुप्पट होऊ शकतात असा हिशोब निघाला. मग राखीव फौज कशाला लागेल?

आणि ग्रोथ फॅक्टर म्हणजे खत नव्हे, भाऊ. तो पेशींना वाढायला सांगणारा निरोप आहे. यकृत कापलं की आतड्याकडून येणारं सगळं रक्त उरलेल्या तुकड्यातून जायला लागतं. दाब वाढतो. यकृतातल्या कुफर नावाच्या रक्षक पेशी आयएल-६ हा पहिला निरोप सोडतात आणि झोपलेल्या पेशी जाग्या होतात. मग एचजीएफ हा ग्रोथ फॅक्टर, जो शास्त्रज्ञ नाकामुरांनी १९८४ मध्ये जपानात शोधला. त्याचा बराचसा साठा यकृतपेशींभोवतीच्या जाळीतच बांधून ठेवलेला असतो, तो सुटतो आणि पेशी विभागायला लागतात. पुरेसं झालं की टीजीएफ-बीटा हा थांबायचा निरोप आवरतं घ्यायला लावतो. हे आवरतं घेणं मला सगळ्यात भारी वाटतं. नाहीतर माझी बट्टी थांबली कुठे असती?

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे: कामकरी पेशीच थकल्या, विभागायला तयार नसल्या, तर पित्तनलिकांच्या पेशी पुढे येऊन यकृतपेशी बनतात. एडिंबरातल्या चमूने २०१७ मध्ये उंदरांत ते दाखवलं. सिरॉसिसमध्ये अशा नलिकांची गर्दी माणसातही दिसते. पण ती आतून येते, सुईने नाही.

सुईने काय झालं? दिल्लीत २०१२ मध्ये ४७ रुग्णांवर जी-सीएसएफ या औषधाची चाचणी झाली. ते अस्थिमज्जेतल्या पेशी रक्तात आणतं. जास्त रुग्ण जगले, आणि आशा वाढली. मग जर्मनीत १७६ रुग्णांवर तेच करून पाहिलं, फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना स्वतःच्याच मूळपेशी टोचल्या, २०१८ चा निकाल तसाच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशी फक्त मान्य चाचणीतच देता येतात. तुमच्याकडे पॅकेजचा दर सांगितलाय, म्हणजे ती चाचणी नाही.

राहिला तीस टक्क्यांचा प्रश्न. निरोगी यकृत असेल तर वीस-पंचवीस टक्के उरलं तरी सर्जन कापतात, सिरॉसिसमध्ये चाळीसच्या आसपास लागतं. म्हणून परत पाठवलं, हयगय म्हणून नव्हे. पण सर्जनना एक विचारा: कापायच्या बाजूची पोर्टल शीर (आतड्याकडचं रक्त यकृतात आणणारी) आधी बंद करून दुसरी बाजू वाढवता येईल का? महिनाभर थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. हा मार्ग जपानी सर्जननी १९८० च्या दशकात रुळवला. सिरॉसिसमध्ये वाढ कमी होते, कधी होतच नाही. पण वाढली नाही तर तेही कापण्याआधीच कळतं. शिवाय काका प्रत्यारोपणात बसतात का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. आकारमान त्यावरूनच मोजतात. आणि इंजेक्शनवाल्यांना ॲडव्हान्स तेवढा अजून देऊ नका.