एस्तेर केवळ रूपावर जिंकली, असे म्हणणाऱ्यांना

बहुधा फाल्गुनात, होळीच्या आगेमागे, यहुदी लोकांचा पुरीम हा सण येतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात त्याला ‘होळीचा सण’ असेच नाव रूढ होते. या सणाची नायिका एस्तेर हिच्याविषयी एक मजकूर बराच फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एस्तेर सौंदर्यस्पर्धा जिंकून राणी झाली, डोके चालवले ते तिच्या पालकाने, मर्दखयाने, राजा तिच्यावर भाळलेलाच असल्यामुळे तिला धोका असा काही नव्हता, आणि अखेरीस तिने ७५,००० निरपराध पर्शियनांची कत्तल घडवली, तेव्हा तिला शूर म्हणणे हाच भाबडेपणा आहे. हे चारही मुद्दे हिब्रू शास्त्रातल्या ज्या ‘एस्तेर’ या ग्रंथाच्या आधारे मांडले जातात, तो अवघ्या दहा अध्यायांचा आहे आणि एका बैठकीत वाचून होतो. तो वाचल्यावर यांतला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की ‘होद्दूपासून कूशापर्यंत’, म्हणजे हिंदुस्थानापासून इथिओपियाच्या बाजूपर्यंत, १२७ प्रांतांवर राज्य करणारा अहश्वेरोश राजा शूशनच्या राजवाड्यात राहत होता, आणि हा अहश्वेरोश म्हणजे इ. स. पू. ४८६ ते ४६५ या काळात गादीवर असलेला पर्शियाचा सम्राट पहिला झर्क्सीस, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा मंत्री हामान याने यहुदी असलेला मर्दखय आपल्यापुढे वाकत नाही या रागापोटी साऱ्या यहुद्यांना एकाच दिवशी मारण्याचा हुकूम काढला, आणि तो दिवस ठरवण्यासाठी ‘पूर’, म्हणजे चिठ्ठी, टाकली. पुरीम हे नाव त्यावरूनच आले.

आता सौंदर्यस्पर्धा. स्पर्धेत आपणहून उतरावे लागते. येथे राजाच्या हुकमाने प्रांतोप्रांतीच्या मुली गोळा केल्या गेल्या आणि एस्तेर ‘नेली गेली’. मूळ हिब्रूतले क्रियापद कर्मणी आहे. आईबाप नसलेली, मर्दखय या चुलतभावाने लेकीप्रमाणे वाढवलेली ही मुलगी. अंतःपुरात बारा महिने अंगाला तेले आणि सुगंधी द्रव्ये लावण्यात गेले. मग प्रत्येक मुलगी एका संध्याकाळी राजाकडे जाई आणि सकाळी परत येई ती दुसऱ्या अंतःपुरात, शाश्गज नावाच्या खोजाच्या ताब्यात. राजाने नाव घेऊन बोलावले तरच तिला पुन्हा त्याच्यापुढे जाता येई. ज्यांच्यावर राजाची मर्जी बसली नाही, त्यांनाही घरी पाठवले गेले असे ग्रंथ कोठेच म्हणत नाही. जिथे हरणाऱ्यालाही दार बंद असते, त्याला मी स्पर्धा म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा काहीसा खरा आहे, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. संकटाची बातमी मर्दखयानेच पाठवली, आणि ‘राजवाड्यात आहेस म्हणून तू एकटी वाचशील असे समजू नकोस’ हे टोकदार वाक्यही त्याचेच. पण त्याचा सल्ला काय होता? आत जा आणि राजाजवळ विनवणी कर, एवढाच. त्यानंतरचे सगळे एस्तेरचे आहे. दुसऱ्या अध्यायात ती मर्दखयाचे सांगणे ऐकणारी आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथकार स्पष्ट लिहितो की मर्दखय निघून गेला आणि एस्तेरने आज्ञा केली त्याप्रमाणे सर्व केले. हामानालाच मेजवानीला बोलवायचे, राजाने ‘अर्धे राज्य माग’ म्हटल्यावरही मागणे त्या दिवशी उघड करायचे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघांनाच बोलवायचे, ही आखणी मर्दखयाने सुचवल्याचा एक शब्दही तेथे नाही.

आणि ती अखेर बोलते तेव्हा काय बोलते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. हामानाच्या हुकमात एकापाठोपाठ तीन क्रियापदे आहेत: नाश करणे, ठार मारणे, नाहीसे करणे. त्या हुकमाची नक्कल मर्दखयाने हथाक या सेवकाच्या हाती तिला पाठवली होती. दुसऱ्या मेजवानीत ती राजाला सांगते की मी आणि माझे लोक विकले गेलो आहोत, आणि पुढे तीच तीन क्रियापदे त्याच क्रमाने उच्चारते. ‘विकले गेलो’ या शब्दाला हामानाने देऊ केलेल्या दहा हजार किक्कार (वजनाचे एक जुने माप) चांदीचा संदर्भ आहे. नुसते दासदासी म्हणून विकले असते तर मी गप्प बसले असते, असेही ती म्हणते. हामानाला शिक्क्याची अंगठी राजानेच दिली होती, पण त्याविषयी ती चकार शब्द काढत नाही. आरोपी दोघे होते. तिने एकाचेच नाव घेतले. मुरलेला वकीलही याहून वेगळे काय करील?

राजा भाळलेला होता, हे तर मजकूर लिहिणाऱ्याने कोठून काढले ते कळत नाही. न बोलावता आतल्या चौकात जाणाऱ्याला, पुरुष असो वा स्त्री, देहदंडाचा एकच नियम होता. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका. एस्तेर चार वर्षांहून अधिक काळ राणी होती आणि त्या वेळी तीस दिवसांत तिला एकदाही बोलावणे आले नव्हते. बोलावल्यावर आली नाही म्हणून आधीची राणी वश्ती हिचे पद गेले होते. ही तर न बोलावता निघाली होती. शिवाय हामानाने ‘एक लोक’ एवढेच म्हटल्यावर ते कोणते हे न विचारता अंगठी काढून देणारा हा राजा, तेव्हा त्याच्या मर्जीवर कोणी किती विसंबावे? निघण्यापूर्वी तिने तीन दिवस, तीन रात्री अन्नपाणी वर्ज्य केले. रूपाच्या जोरावर जिंकू पाहणारी बाई आदल्या तीन दिवसांत घोटभर पाणीही घेत नाही, हे मला पटत नाही. ‘मेले तर मेले’ हे तिचे शब्द प्रसिद्ध आहेत, पण त्यांतले हिब्रू क्रियापद हामानाच्या हुकमातल्या तिसऱ्या क्रियापदाच्याच धातूचे आहे, हे सहसा सांगितले जात नाही. राजवाड्यात राहूनही ती त्या हुकमात स्वतःला मोजते.

शेवटचा आरोप सर्वांत गंभीर. हामानाला फाशी झाली तरी त्याचा हुकूम जिवंत होता, कारण राजाच्या शिक्क्याचा लेख मागे घेता येत नसे. पुष्कळजण कथा फाशीपाशीच संपवतात. एस्तेर मात्र पुन्हा राजाच्या पायांशी पडते. तेव्हा निघालेल्या दुसऱ्या हुकमाने यहुद्यांना एकत्र येऊन, अंगावर येणाऱ्यांशी लढण्याचा अधिकार दिला. ७५,००० हा आकडा हिब्रू पाठात आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात १५,००० आहे, आणि दोन्हीकडे मेलेले ‘निरपराध पर्शियन’ नसून यहुद्यांचे वैरी आहेत. लुटीची मुभा असूनही त्यांनी लुटीला हात लावला नाही, हे तीनदा नोंदवले आहे. तरीही सगळे धुऊन निघत नाही. हुकमाच्या भाषेत बायकामुलांचाही उल्लेख आहे, आणि शूशनात आणखी एक दिवस मिळावा ही मागणी एस्तेरने स्वतः केली. त्या दिवशी ३०० माणसे मारली गेली. याचे कारण ग्रंथ देत नाही, आणि ते मी तिच्या वतीने रचणार नाही.

राहता राहिली एक विसंगती. हाच मजकूर शेवटी म्हणतो की एस्तेर काल्पनिकच होती. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस झर्क्सीसच्या राणीचे नाव अमेस्ट्रिस देतो आणि अनेक अभ्यासक या ग्रंथाला इतिहासापेक्षा ऐतिहासिक कादंबरीच्या जवळ मानतात, हे खरे आहे. पण मग ती कत्तलही त्याच कादंबरीतली ठरते. राणी कल्पित आणि मृतांचा आकडा मात्र पुराव्यासारखा, असे धरता येत नाही. शिवाय ज्या कथेला पर्शियनद्वेषाची कथा म्हटले जाते, तिच्या अखेरच्या ओळीत मर्दखय पर्शियाच्या राजाचाच प्रधान आहे, आणि एस्तेर व मर्दखय यांची म्हणून मानली जाणारी समाधी आजही इराणमधल्या हमदान शहरात आहे.