गावाने मोजलेला पाऊस कच्चा का मानावा?

"हौशी लोकांच्या नोंदी म्हणजे विज्ञान नव्हे, जे काम लोक फुकट करतात त्यावर सरकारने पैसा का घालावा, आणि उपग्रह व स्वयंचलित केंद्रे असताना गावकऱ्यांच्या मोजमापाची गरजच काय," असा मजकूर सध्या मराठवाड्यात हातोहात फिरतो आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याची झळ आपल्याला थेट बसते. पीकनुकसानीच्या भरपाईसाठी अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला का, हे पाहतात. मंडळात गावे अनेक, पर्जन्यमापक मात्र बहुधा एकच. एका शिवारात ओढा फुटावा आणि शेजारच्या शिवारात जमीनही नीट भिजू नये, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स शहरात 1997 साली हेच घडले: एका भागात काही तासांत फूटभर पाऊस कोसळला, इतर भागांत बेताचाच. त्यातून 1998 मध्ये घरोघरी साध्या पर्जन्यमापकाने नोंदी घेणारे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. त्याला तेथील सरकारी संस्थांनी निधी दिला आणि त्या नोंदी सरकारी हवामान विभागही वापरतो.

नोंदी अविश्वसनीय असतात, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. चुका होतात, पण त्या शोधण्याची पद्धत असते. 2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात 942 जातींचा आढावा आहे, तो सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्यात सरकारी संशोधन संस्थाही सहभागी होत्या. तिथे अनपेक्षित नोंद जाणकारांच्या तपासणीतून जाते.

राहिला पैशाचा प्रश्न. निरीक्षण फुकट होते. प्रमाणित उपकरण, प्रशिक्षण, पडताळणी आणि वर्षानुवर्षांची साठवण फुकट होत नाही. सात राज्यांसाठीच्या 6,000 कोटींच्या अटल भूजल योजनेत गावानेच पाणीपातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावा, हे सरकारनेच मान्य केले आहे.

भरपाईसाठी गावे आकडा फुगवतील, ही शंका मात्र मला रास्त वाटते. म्हणूनच या नोंदी लगेच भरपाईला जोडू नयेत. आधी काही पावसाळे प्रत्येक मंडळातल्या चार-पाच गावांत प्रमाणित पर्जन्यमापक बसवून, सकाळी साडेआठची नोंद शेजारच्या गावांशी आणि मंडळाच्या केंद्राशी ताडून पाहण्याचे काम शासनाने निधीसह परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे सोपवावे.